परत यायची चाल

माझ्या टेबलावरची स्टीलची फूटपट्टी दादांनी उचलली, की मी आधी चहाचा कप बाजूला घ्यायचे. मग पाण्याची बाटली, मग पावत्यांचा गठ्ठा. एवढं सगळं आवरून झालं की म्हणायचे, "हं, मारा आता." दादा दोन पावलं मागे सरकायचे, पट्टी डोक्यामागून सपकन खाली आणायचे आणि तसेच थांबायचे. कमरेत वाकलेले, एक पाय पुढे, पट्टीचं टोक लादीकडे. पोट सुटलेला, पन्नाशी उलटलेला माणूस, श्वास कोंडून उभा. मग फक्त मान माझ्याकडे वळवून म्हणायचे, "मारला. आता उघडा पडला."

"कोण?"

"मारनारा, मॅडम. मारून झाल्यावर मारनाराच उघडा पडतो."

तुमच्याही ऑफिसात असा एक असेलच. तो आला की काम थांबतं, आणि नाही आला की काम करावंसं वाटत नाही. आमच्या नशिबी हे होते.

आमचं ऑफिस म्हणजे कळंबोलीच्या लोखंड बाजारातला एक वजनकाटा आणि त्याला चिकटलेल्या दोन खोल्या. एका खोलीत काचेमागे दादा, दुसरीत मी आणि माझी बिलं. ट्रक काट्यावर चढला की वजनाचा आकडा दादांपुढे, पावती माझ्याकडे. सळ्या, पट्ट्या, अँगल, पत्र्याची भेंडोळी, दिवसभर हेच. गाडी सोडायला काट्यावर हिरवा दिवा होता, भोंगाही होता. पण दादांना ते पटायचं नाही. ते उठायचे, खाली उतरायचे आणि ट्रकच्या दारावर पंजानं दोन थापा द्यायचे. धप, धप. मगच गाडी हलायची. ड्रायव्हर पंजाबातला असो की तमिळनाडूतला, दुसऱ्या खेपेला त्याला ही रीत ठाऊक झालेली असे. दिवा हिरवा झाला तरी तो थापेची वाट बघत बसायचा.

अशा माणसाच्या हातात तलवार कुठून आली, ते सांगते.

एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मोबाइल माझ्यापुढे सरकवला. "मॅडम, येवढं इंग्लिश जरा वाचून सांगा." बघते तर पडद्यावर एक निळ्या केसांचा पोरगा हवेत उड्या मारत तलवार फिरवतोय.

"कार्टून बघताय? या वयात?"

"गेम हाय." त्यांनी डब्याची दोन झाकणं घेतली, एक उपडं ठेवलं. "हा हवेतला ओटा समजा. याच्यावर दोघं लढतात. पन मारून कोन मरत नाय हा. मार खाल्ला का हलका होत जातो. लय खाल्ला, का पुढच्या फटक्याला लांब उडतो. ओट्याच्या भायेर गेला का खाली. खाली गेला का संपला."

"मग?"

"मग काय, परत यायचं. परत्येकाला एक चाल दिलेली असते. हवेतच ती मारायची, ओट्याचा काठ धरायचा आन् वर यायचं. नाय जमलं तं गेला."

"म्हणजे आमच्या सोसायटीची मीटिंगच की," मी म्हटलं. "आमच्यात फक्त बाहेर फेकलेला दर वेळी परत येतो आणि पुन्हा पार्किंगचंच बोलतो."

एरवी खळखळून हसले असते. त्या दिवशी नाही हसले. गेममध्ये कंपनीनं दिलेले योद्धे असतात, ते सोडून खेळणाऱ्यांतले काही वेडे आपल्या मनाचा योद्धा रचतात, असं त्यांनी मला समजावलं. कुठलं बटण दाबलं की तो कसा वार करेल, तलवार किती लांब, उडी किती उंच, जिंकल्यावर कसा उभा राहील, सगळं ठरवायचं. त्याला मूव्हसेट म्हणतात. तो ग्रुपवर टाकायचा, बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची, आणि एखाद्या हुशार पोराला फारच आवडला तर तो खरोखर गेममध्ये बसवतो. आमच्या दादांना एका तलवारवाल्याचा मूव्हसेट करायचा होता.

"तुम्ही खेळता हा गेम?"

"नाय."

"कधी खेळलात?"

"नाय."

"मग हे कुठलं खूळ डोक्यात घेतलंत?"

त्यांनी उपडं झाकण सरळ केलं, डब्यावर बसवलं. "तो खेळतो," म्हणाले.

तो म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. दादा मूळचे उरणकडच्या गावातले, राहायला नवीन पनवेलला. पोरगा इंजिनिअरिंगला होता. एका पेपरच्या दिवशी तो परीक्षेला गेलाच नाही, मुंबईत गेमची स्पर्धा होती तिकडे गेला. तलवारवाला घेऊन खेळला आणि बक्षीस मिळवलं. घरी आला तो हातात कप घेऊन, आणि त्याच्याआधी कॉलेजचा फोन येऊन गेलेला. दादांनी त्याला दारातच धरलं. "निघ. भायेर हो. परत तोंड दाखवू नको," म्हणाले. पोरगा कप हातात घेऊन तसाच जिना उतरला.

"मला वाटला जेवायला येल," दादा सांगत होते. "हिनं ताट झाकून ठेवलं व्हतं."

तो गेला तो पुण्याला. मित्राकडे राहिला, पुढे नोकरी लागली. आईला फोन करायचा, तोही दादा बाजारात गेलेले असले की. दादा घरात शिरले की त्या माउलीचं बोलणं आपोआप कापायचं. दादांचा फोन तो उचलायचा नाही.

आणि पुणं काय लांब आहे हो? पुण्याचा हमरस्ता आमच्या दारातूनच सुरू होतो. दर थोड्या वेळानं पुण्याची बस आमच्या काचेसमोरून जाते. दादांनी आपली खुर्ची रस्त्याकडे पाठ होईल अशी फिरवून घेतली होती. मला आधी वाटायचं, उन्हाची तिरीप येते म्हणून.

"अहो, मग बसा ना एखाद्या बसमध्ये! जा की!" मी चिडूनच म्हटलं.

"गेलो व्हतो."

"मग?"

"दार नाय उघडलं. आत पंखा चालू व्हता. आयकू येत व्हता."

 माझी मुलगी सासरहून दिवसातून चार वेळा फोन करते आणि मी वैतागते. त्या दिवसापासून वैताग जरा कमी केला.

तर पोरगा त्या ग्रुपवर असतो, एवढं दादांना बायकोकडून कळलं होतं. तिथलं त्याचं टोपणनावही तिनंच हळूच सांगितलं. मराठी पोरांचा ग्रुप, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, मध्येमध्ये इंग्रजी. दादांना तिथे शिरायचं होतं. खातं मी उघडून दिलं. नाव काय टाकू विचारलं तर म्हणाले, "तलवारबाज पनवेलकर." म्हटलं, "अहो, घरचा पत्ताही टाका ना सोबत!" शेवटी 'नवशिका' असं टाकलं.

त्यांचा पहिला मूव्हसेट अजून आठवतो. त्या तलवारवाल्याचा प्रत्येक वार जिवावरचा. पुढे मारला तरी समोरचा उडणार, मागे मारला तरी उडणार. ढाल अशी, की काहीही अडणार. पडला तर जमिनीला लागताच उठणार. दादांनी आपल्या माणसाला जगातलं सगळं देऊन टाकलं होतं. ग्रुपवरच्या पोरांनी त्यांची अशी काही खिल्ली उडवली, की मला वाचून दाखवायची लाज वाटली. आणि त्या हसण्यात खाली एक जरा मोठं उत्तर आलं होतं. त्याचं.

मी वाचून दाखवलं. "भाऊ, हा योद्धा नाही, देव आहे. याच्याशी कोण खेळेल? प्रत्येक वाराची किंमत पाहिजे. मोठा वार केला की हात तिथेच अडकला पाहिजे, समोरच्याला मारायला वाव मिळाला पाहिजे. तलवारवाला मारून झाल्यावर उघडा पडतो, तीच त्याची गंमत आहे. पुन्हा लिही. जमेल तुला."

दादांनी मोबाइल माझ्या हातून घेतला. दोनदा चष्मा पुसला. "मला भाऊ म्हनला," म्हणाले.

मी हसले. त्यांच्याकडे बघितलं आणि मग मला हसवेना.

तेव्हापासून ती फूटपट्टी माझी राहिली नाही. वार करायचा आणि थांबायचं, कुठे उघडे पडतो ते बघायचं. चहा दोनदा पावत्यांवर सांडला. एकदा तर हा गडी यार्डात जाऊन खरीखुरी लोखंडी पट्टी उचलून फिरवायला लागला. क्रेनवाला वरून बोंबलला, "दादूस, येडा झालास काय!" पट्टीनं दादांनाच अर्धं फिरवून सळ्यांच्या ढिगात बसवलं. शेठ नेमके गाडीतून उतरत होते. त्यांनी मला विचारलं, "यांना काय झालं?" मी सांगितलं, "वजन तपासतायत." खोटं नव्हतं ते. कारण तसेच धुळीत बसून दादा खुशीत म्हणत होते, "मॅडम, तलवार मानसाला वढत नेते! ह्येच लिवतो. वजन नसंल तं ते हत्यार कसलं?"

ते मात्र पोराला फार आवडलं. जड तलवार, उचलायला वेळ लागणारी, आणि खाली येताना माणसालाही पुढे खेचणारी. "नवशिक्या, याचं वजन कळतं रे," असं त्यानं लिहिलं. मग रोजचंच झालं. दादा एक वार लिहायचे, पोरगा तो कापायचा, सुधारायचा, कधी शाबासकी द्यायचा. घरात सगळी वर्षं मिळून ही दोघं एवढी बोलली नसतील. दुपारचा ट्रकचा रेटा ओसरला की दादा माझ्याकडे यायचे, मोबाइल पुढे करायचे. "बघा, काय बोलला ता."

मला हे बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. एकदा म्हटलंच, "दादा, ही चक्क फसवणूक आहे. आज ना उद्या त्याला कळणार."

"कळला तं जाईल."

"म्हणून तर तुम्ही आधीच सांगून टाका."

"सांगतो ना. येवढी शेवटची चाल व्हऊ द्या."

शेवटची म्हणजे परत यायची चाल. ती त्यांनी राखून ठेवली होती. बाकी सगळं जमलं, पण इथे घोडं अडलं. दादांचं म्हणणं, याला परत येणं सोपं असावं. कितीही लांब फेकला तरी यावा. पोरगा ऐकेना. ज्याची तलवार लांब त्याला परत येणं कठीणच ठेवतात, नाहीतर खेळ बिघडतो, हे त्याचं म्हणणं. दादांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "कोनी केला ह्यो नियम?" मला म्हणाले, मी केल्यासारखे. आणि तिथेच उभ्या उभ्या त्यांनी लिहिलं, "चुकून पडला तर?"

उत्तर लगेच आलं. मी वाचलं आणि वाचायला नको होतं असं वाटलं. "चुकून कोणी पडत नाही भाऊ. कोणीतरी मारतं, तेव्हाच पडतो."

दादांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. बाहेर काट्यावर ट्रक उभा होता, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता. दादा उठले नाहीत. शेवटी मी गेले आणि हिरवा दिवा दाबला, तरी तो ट्रक हलेना. त्याला थाप हवी होती. मला काही ती तशी मारता आली नाही.

त्यानंतर काही दिवस त्यांनी शेवटच्या चालीचं नाव काढलं नाही. मधलंच काहीबाही लिहीत बसले. जिंकल्यावर तलवारवाला काय करतो, ते राहिलं होतं, ते लिहून टाकलं. मलाही दाखवलं नाही. मला ते कळलं ते भलत्याच वेळी. दुपारी भेंडोळ्यांचा मोठा ट्रेलर काट्यावर होता. दादा खाली उतरले, दारावर एक थाप दिली. दुसरीला हात वर गेला तो तसाच राहिला. ड्रायव्हर वरून विचारतोय, "क्या हुआ, दादा?" यांचा हात वरच. मी धावत बाहेर गेले. म्हटलं, छातीत-बितीत दुखतंय की काय.

"मॅडम," म्हणाले, "थापा लिवल्या मी."

"कुठे?"

"जिकल्यावर. तो पडलेल्याला उठवतो आन् पाठीवर दोन थापा देतो. ध्यानातच नाय आलं. हातानं लिवला."

पोरगा लहान असताना मे महिन्याची सगळी सुट्टी या काट्यावर काढायचा. दादा त्याला उचलून धरायचे, तो ट्रकच्या दारावर इवलासा हात दोनदा मारायचा आणि एवढी मोठी गाडी आपल्या सांगण्यावरून हलली म्हणून टाळ्या पिटायचा. हे मला क्रेनवाल्यानं सांगितलं होतं, दादांनी नाही. जगात दुसऱ्या कोणाला त्या थापांत काही दिसलं नसतं. त्या एकाला दिसणार होतं.

आणि तसंच झालं. पोरगा गप्प झाला. ग्रुपवरचे बाकीचे लिहीत होते, वा म्हणत होते, त्याचा मात्र शब्द नाही. दादा दिवसभर मोबाइल उघडायचे, बंद करायचे. डबा तसाच परत जायला लागला. एकदा मला म्हणाले, "आधी बरा व्हतो. आधी दार तरी बंद व्हतं, आत कोन हाय ता म्हाईत व्हतं." माझा तोल गेला. म्हटलं, "अहो, किती दिवस असं झुरणार? लिहा ना सरळ, मी तुझा बाप, चुकलं माझं! शेंडी तुटो नाहीतर पारंबी!" ते म्हणाले, "आता त्याचा डाव हाय."

अन् एक दिवस आलं. एकच ओळ. पावत्या तशाच टाकून मी वाचली. "परत यायची चाल राहिली आहे. ती तुम्ही टाका."

भाऊ नाही, नवशिक्या नाही. पण गेलाही नव्हता. ओळखून विचारत होता, यात मला तरी शंका नव्हती. मी अक्षरशः टाळी वाजवली. "दादा, घरी ये म्हणून लिहा! एवढंच लिहा. आत्ता, इथे, माझ्यासमोर!"

त्यांचा चेहरा असा फुलला होता, की तुम्ही बघायला हवा होता. पण मान हलवली. "नाय मॅडम. त्यानं चाल मागितलीय. चाल दिल्याबिगर घरी ये कसा बोलू? नीट करू द्या. येक डाव घाईत बोललो, त्याचं काय झालं ता बघितलंत ना."

आता याला काय म्हणावं? वीस टनी ट्रकला दोन थापांत सोडणारा माणूस एका वाक्यासाठी अडून बसला. रोज एक नवी चाल. एक दिवस तलवारवाला तलवार हवेतच रोवतो आणि तिच्यावर पाय देऊन वर येतो. दुसऱ्या दिवशी ती रद्द, हवेत कशी रोवेल? मग कमरेचा शेला काठाला अडकवतो. तोही रद्द, काठावर दुसरा कोणी उभा असला तर शेला धरतच नाही, असा गेमचा नियम निघाला. मी म्हटलं, "अहो दादा, मग त्या काठावरच्यानं बाजूला व्हावं की!" माझ्या बोलण्याचा रोख त्यांना कळला. फूटपट्टी खाली ठेवून ते काट्यावर गेले.

त्यातली एक चाल मला फार आवडली होती. तलवारवाला पडता पडता हातातली तलवार टाकून देतो. वजन जातं, हलका होतो आणि तरंगत वर येतो.

"पन मंग बिगर तलवारीचा वर येऊन करंल काय?" दादा म्हणाले.

"जेवेल," मी म्हटलं. "झाकलेलं ताट आहे ना."

किती दिवसांनी ते हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "ह्येच. ह्येच टाकतो. आज रात्री नीट लिवतो, उद्या तुमी येक डाव बघा, मंग टाकू."

"आत्ताच टाका."

"उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर दादा नव्हते. नवीन पनवेलहून फोन आला. सकाळी दात घासताना बेसिनपाशीच कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. आम्ही सगळे गेलो, शेठसुद्धा. पोरगा पुण्याहून आला होता. उंच, बापासारखाच जरा पुढे झुकून चालणारा.  त्या गर्दीत मी त्याला गाठलं नाही. 

पंधरवडा उलटून गेल्यावर तो ऑफिसात आला. दादांचा जुना डबा आणि चपला राहिल्या होत्या, त्या न्यायला. मी चहा मागवला. नवीन काटेवाल्यानं आपली खुर्ची आणल्यानं दादांची माझ्या खोलीत आली होती. तो तिच्यात बसला, आणि बसल्याबरोबर त्यानं ती रस्त्याकडे वळवली.

"मॅडम, पप्पांनी ती चाल सांगितली होती का तुम्हाला?"

"तुला कधी कळलं ते तुझे पप्पा आहेत म्हणून?"

"शंका आधीच आली होती. वजन नसेल तर ते हत्यार कसलं, हे आमच्या घरी विळीपासून बॅटपर्यंत सगळ्याला लागायचं. थापा वाचल्या आणि मग..."

"मग गप्प का बसलास रे?" माझा आवाज चढला. मला आवरता आला नाही. "तो माणूस इथे जेवत नव्हता! 'पप्पा' एवढं तरी लिहायचंस!"

"बनवत होतो," तो म्हणाला.

"काय?"

त्यानं बॅगेतून लॅपटॉप काढला. ग्रुपवरच्या एका मित्राला घेऊन त्यानं दादांचा तलवारवाला खरोखर गेममध्ये बसवला होता. "सगळा करून मगच दाखवायचा होता. अर्धवट दाखवला असता तर म्हणाले असते, हेही अर्धवटच." त्यानं झाकण उघडलं. "तेवढी एकच चाल राहिली होती. म्हणून विचारली."

एक इकडे नीट करत बसला होता, एक तिकडे. मला दोघांचाही इतका राग आला, की मी तोंड फिरवून फाईल शोधायला लागले. डोळे पुसून झाल्यावर त्याला सगळं सांगितलं. रोवलेली तलवार, शेला, टाकून दिलेली तलवार, झाकलेलं ताट. उद्या टाकतो म्हणाले होते, तेही सांगितलं. "तुला घरी ये म्हणायचं होतं त्यांना. बाकी सगळा खटाटोप त्यासाठी."

तो ऐकत होता. सगळं ऐकून म्हणाला, "फायनल कुठली होती?"

"शेवटची आवडली होती. पण मीच ती हसण्यावारी नेली. त्यांनी लिहिलीच नाही."

"मग मी कशी टाकू? त्यांनी दिली नाही ना." त्यानं नाक ओढलं. "ते बटण रिकामंच आहे. दाबलं तर काही होत नाही. बाहेर गेला की गेला."

मग त्यानं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि कुठलं बटण कशाचं ते दाखवलं. माझ्या बोटांना कुठलं जमतंय. पण तलवारवाला उभा होता, जरा पुढे झुकलेला. मी बटण दाबलं. त्यानं जड तलवार डोक्यामागून आणली, तिच्यामागे स्वतः ओढला गेला, आणि वाकलेला, एक पाय पुढे, तसाच थांबला. मारला, आता उघडा पडला. माझ्या टेबलासमोर मी हे इतक्यांदा बघितलं होतं, की नकळत मी चहाचा कप बाजूला घेतला.

समोरचा योद्धा कॉम्प्युटर खेळवत होता. तो यायचा आणि मारायचा. मी तलवारवाल्याला मागे घ्यायचे, पुन्हा मधोमध आणून उभा करायचे. ओट्याच्या कडेला जायची वेळ आली की माझा हातच पुढे जाईना.

"मॅडम, असं नाही खेळत," पोरगा हळूच म्हणाला. "मध्येच उभे राहिलात तर नुसता मार खाईल. पुढे जा."

"खाऊ दे," मी म्हटलं. "पडत तर नाही ना."

त्यानं लॅपटॉप परत मागितला नाही. बाहेर काट्यावर गाडी चढली होती. नवीन काटेवाल्यानं आतूनच दिवा दाबला, शिट्टी मारली आणि गाडी निघून गेली. मी तलवारवाल्याला पुन्हा मधे आणला.